खारे वारे आणि तारेचे टोक

मिरग सुरू झाला की कोकणातल्या स्वयंपाकघरांत मिठाच्या बरणीला पाणी सुटते. जामसंड्यात याचे कुणाला नवल नाही. बरणीत तांदळाचे चार दाणे टाकले जातात, झाकण घट्ट लावले जाते आणि विषय तिथेच संपतो. मीठ हवेतली ओल ओढून घेते एवढेच त्यामागचे कारण. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साध्या मिठाचा खडा कोरडा राहू शकत नाही. समुद्राच्या पाण्यातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही ओल धरून ठेवते.

हेच मीठ लाटांच्या तुषारांतून वाऱ्यावर चढते. देवगडच्या पवनचक्क्या फिरवणारा वारा ते घराघरांत आणून टाकतो. खिडकीच्या गजांवर आणि दुचाकीच्या चेनवर त्याची करणी डोळ्यांना दिसते. जिथे ती दिसत नाही त्या जागा जास्त नाजूक आहेत: मोबाइलच्या चार्जिंगचे तोंड, इंटरनेटच्या राउटरचे खाचे, ईसीजी यंत्राच्या पिना, सोनोग्राफीच्या प्रोबचा प्लग. तारेचे टोक जिथे दुसऱ्या धातूला टेकते ती जागा म्हणजे कॉन्टॅक्ट. अख्ख्या यंत्रातला हा सर्वांत छोटा भाग आणि समुद्रकाठी बहुतेक वेळा सर्वांत आधी दगा देणाराही हाच.

दवाखान्यात हा दगा वेगवेगळी सोंगे घेऊन येतो. ईसीजीची रेघ थरथरते, कधी वरखाली तरंगते. मॉनिटरची एखादी वायर सुटली तर पडद्यावर सरळ रेघ उमटते आणि पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते. म्हणूनच सरळ रेघ दिसली तर आधी रुग्णाकडे बघा, नाडी तपासा, मग लगेच वायरी तपासा, असे अतिदक्षता विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला शिकवले जाते. याच्या उलटही घडते. रुग्ण बसल्या बसल्या दात घासत असतो, हाताच्या हालचालीने छातीवरच्या इलेक्ट्रोडचा त्वचेशी असलेला संपर्क हलतो आणि पडद्यावर हृदयाच्या धोकादायक वेगासारख्या लाटा दिसू लागतात. वैद्यकीय नियतकालिकांत अशी उदाहरणे नोंदलेली आहेत. यंत्र खोटे बोलत नसते. मधल्या जोडणीने त्याच्यापर्यंत जे पोचवले, तेच ते दाखवत असते.

टेकणे म्हणजे नक्की काय?

प्लग खाचेत घातला, ‘टक्’ असा आवाज आला, की जोडणी झाली असे आपण समजतो. धातूच्या पातळीवर चित्र वेगळे असते. कितीही गुळगुळीत दिसणारा पत्रा सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. दोन फणस एकमेकांना टेकवून बघावेत. सालीला साल पूर्ण भिडत नाही, फक्त काही काटे काट्यांना भिडतात. दोन पिना टेकतात त्याही अशाच, मोजक्या उंचवट्यांवर. सगळा विद्युतप्रवाह त्या चार-दोन ठिपक्यांतून जातो. राग्नार होल्म या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या ठिपक्यांचे गणित मांडले आणि आजही कनेक्टर आखणारे अभियंते तिथूनच सुरुवात करतात.

हे गणित फार अवघड नाही. ठिपका जितका लहान, तितकी प्रवाहाला होणारी अडचण जास्त. तांब्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये १० मायक्रॉन त्रिज्येचा एकच ठिपका टेकला असेल तर तिथला रोध सुमारे ०.८५ मिलिओहम येतो. त्रिज्या १ मायक्रॉन झाली की तोच रोध दसपट होऊन साडेआठ मिलिओहमवर जातो. ठिपक्याचा आकार पिन किती रुंद आहे यावर ठरत नाही. पिनेवर दाब किती आणि धातू किती कठीण यावर तो ठरतो. एका पिनेवर साधारण १०० ग्रॅम वजनाइतका दाब असेल आणि पृष्ठभाग कठीण सोन्याच्या मुलाम्याचा असेल, तर ढोबळ हिशेबाने खरा स्पर्श एका चौरस मिलिमीटरच्या दीड हजाराव्या भागाइतकाच होतो. रुग्णाची सगळी माहिती एवढ्याशा दारातून ये-जा करते.

आता या दारावर खाऱ्या ओलीचा पापुद्रा चढला तर काय होईल? इथे एक गोष्ट लोकांना बुचकळ्यात टाकते. गंजलेल्या प्लगवर ट्यूबलाइट व्यवस्थित लागते, पंखा फिरतो, मग त्याच घरात तेवढ्याच गंजलेल्या पिनेवर इंटरनेट का अडखळते? कारण ताकदीत फरक आहे. घरातल्या २३० व्होल्टपुढे गंजाचा पातळ पापुद्रा बहुधा टिकत नाही, तो फाटतो किंवा जळतो. माहिती वाहणाऱ्या तारांतला संदेश मात्र काही शे मिलिव्होल्टचाच असतो. हृदयाचा ईसीजीतला सर्वांत उंच सुळका तर जेमतेम १ मिलिव्होल्टचा. एवढ्या दुबळ्या संदेशाला पापुद्रा फोडून पलीकडे जाता येत नाही. तो दारातच अडतो.

जाड वीजप्रवाहाच्या बाबतीत मात्र दुसराच धोका असतो. प्लगच्या पिनेवर ०.१ ओहम रोध तयार झाला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर त्या एका जागी १० वॅट उष्णता निर्माण होते. गिझरचा किंवा लशींच्या फ्रीजचा प्लग हाताला गरम लागत असेल तर त्याकडे डोळेझाक करू नये. प्लास्टिक वितळायला आणि आग लागायला एवढे निमित्त पुरते.

सोने कशासाठी?

पापुद्रा चढूच नये म्हणून चांगल्या कनेक्टरच्या पिनांवर सोने चढवतात. सोने हवेत गंजत नाही, मिठाला दाद देत नाही. पण हा मुलामा किती जाड असतो? दर्जेदार कनेक्टरमध्ये साधारण पाऊण मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरला तर त्याच्या जवळजवळ शंभराव्या भागाइतका. सोन्याखाली निकेलचा थर असतो आणि त्याखाली फॉस्फर ब्राँझसारखा लवचीक, स्प्रिंगसारखा दाब देणारा मिश्रधातू. निकेल पहारेकऱ्याचे काम करते. खालचे तांबे वर येऊन सोन्यात मिसळू नये आणि ओल खाली उतरू नये, हे ते पाहते.

एवढ्या पातळ सोन्याला सूक्ष्म छिद्रे असतातच. खारी ओल या छिद्रांतून खाली उतरते, खालचा धातू कुरतडते आणि तयार झालेला हिरवट-पांढरा मळ छिद्रातून वर येऊन सोन्यावर पसरतो. पिन वरून सोनेरी दिसते, पण स्पर्शाचा ठिपका मळाने झाकलेला असतो. म्हणूनच समुद्रकाठी वापरायच्या वस्तूंची मिठाच्या फवाऱ्यात चाचणी घेतात: ५ टक्के मिठाचे पाणी, ३५ अंश सेल्सियस तापमान, बंद कपाट आणि ठरावीक तासांचा मुक्काम. कुठला मुलामा किती तास तग धरतो, ते यातून कळते.

स्वस्त कनेक्टरवर सोन्याऐवजी कथील असते. कथील वाईट नाही, फक्त त्याला दाब जास्त लागतो आणि हालचाल अजिबात चालत नाही. जनरेटर शेजारी घरघरत असेल किंवा यंत्र घाटरस्त्याने गाडीतून जात असेल, तर पिना काही मायक्रॉन मागेपुढे घासत राहतात. प्रत्येक घासणीत कथिलाचा नवा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर ऑक्साइड चढते, पुन्हा घासले की त्याची भुकटी होते. काही महिन्यांत त्या भुकटीचीच गादी तयार होते. सोनेरी पिन कथिलाच्या खाचेत घालू नये असा नियम अभियंते पाळतात तो यामुळेच. त्या जोडीत कथिलाचे ऑक्साइड सोन्यावर जाऊन बसते आणि सोन्याचे मोल पाण्यात जाते.

वेग वाढला आणि पिन लांब ठरली

इथवरची गोष्ट जुनी आहे. गेल्या तीसेक वर्षांत तिच्यात वेगाची भर पडली आणि कॉन्टॅक्ट आखणे हे वेगळेच शास्त्र होऊन बसले.

महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सादर केला. अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून एक मोठे काम वाटून करायचे, ही त्यामागची कल्पना. त्यातल्या ट्रान्सप्युटर जातीच्या प्रोसेसरांचे दुवे सेकंदाला सुमारे २ कोटी बिट्स वाहून नेत. तारेत संदेश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात, साधारण २० सेंटिमीटर धावतो. या हिशेबाने त्या दुव्यांवरचा एकेक बिट तारेत सुमारे १० मीटर लांब पसरलेला असे. त्यापुढे सेंटिमीटरभर लांबीची पिन म्हणजे काहीच नाही. संदेशाला ती जाणवतही नसे.

आज बाजारात मिळणारी चांगली यूएसबी केबल सेकंदाला १,००० कोटी बिट्स नेते. त्याच हिशेबाने तिच्यातल्या एका बिटची लांबी फक्त २ सेंटिमीटर येते. म्हणजे बिट आणि कनेक्टर जवळपास एकाच मापाचे झाले. आता पिनेचे प्रत्येक वळण, प्रत्येक जाड-बारीकपणा आणि तिच्या भोवतीचे प्लास्टिकही संदेशाला जाणवते. देवगडच्या खाडीत शिरलेली लाट मोकळ्या पाण्यात पुढे सरकत राहते, धक्क्याच्या भिंतीवर आदळली की मागे फिरते. तारेतली लहरही तशीच. वाट एकसारखी असेल तोवर ती पुढे जाते, वाटेचा विद्युत गुणधर्म अचानक बदलला की तिचा काही भाग मागे परततो. या गुणधर्माला इम्पिडन्स म्हणतात. इंटरनेटच्या केबलसाठी तो १०० ओहम ठेवायचा ठरलेला आहे, यूएसबीच्या जोडतारांसाठी ९० ओहम. केबल या मापात बसवणे सोपे असते. कनेक्टरमध्ये तार संपते, स्प्रिंग येते, प्लास्टिकचा आधार येतो आणि माप बिघडते. मग अभियंते कुठे पिन अरुंद करतात, कुठे प्लास्टिक कोरून हवेची खिडकी ठेवतात आणि बिघडलेले माप पुन्हा जागेवर आणतात.

खरी ओढाताण पुढेच आहे. प्लग आत सरकताना पिना एकमेकींवर घासल्या जाव्यात असे कुणालाही वाटेल, कारण त्या घासण्याने मळ पुसला जातो. घासण्याची लांबी जास्त तर पुसणी चांगली. पण घासून पुढे गेलेले टोक स्पर्शाच्या ठिपक्यापलीकडे लोंबत राहते. वेगवान लहरीसाठी ते टोक म्हणजे बंद गल्ली. लहर त्यात शिरते, शेवटाला आपटून परत येते आणि मूळ लहरीत उलटी मिसळते. हे टोक ५ मिलिमीटर लांब असेल तर सेकंदाला १,००० कोटी हेलकावे घेणारी लहर तिथल्या तिथे जवळजवळ पुसली जाते. भरवसा हवा तर टोक लांब ठेवा, वेग हवा तर टोक आखूड करा. समुद्रकाठचा माणूस पहिली मागणी करतो, वेगवान यंत्र दुसरी, आणि दोघांमध्ये एका मिलिमीटरसाठी भांडण असते.

दाबाचेही तसेच आहे. दाब वाढवला की ठिपका मोठा होतो, पण त्यासाठी स्प्रिंग जाड लागते, सोने लवकर झिजते आणि प्लग घालायला जोर लागतो. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये सामान्यतः १२८ किंवा त्याहून जास्त स्फटिक असतात आणि प्रत्येकाची स्वतंत्र तार यंत्रापर्यंत न्यावी लागते. काही प्रोबच्या प्लगमध्ये २६० पिना असतात. प्रत्येकीवर १०० ग्रॅमचा दाब म्हटला तरी एकूण २६ किलो होतात. एवढ्या दाबाखाली पिना रोज घासून आत-बाहेर करायच्या तर त्या टिकणार नाहीत. त्यामुळे प्लग आधी अलगद बसतो आणि मग बाजूचा खटका फिरवला की पिना एकदम आवळल्या जातात. हा खटका पूर्ण न फिरवता प्रोब वापरणे म्हणजे अर्ध्याच पिना टेकवून तपासणी करणे.

आणखी एक गंमत आहे. वेगवान प्रवाह धातूच्या पोटातून जातच नाही, तो कातडीतून जातो. सेकंदाला १,००० कोटी हेलकावे असतील तर तांब्यात तो मुख्यतः वरच्या ०.६६ मायक्रॉनच्या थरातून वाहतो. मुलाम्याची जाडी आठवा: पाऊण मायक्रॉन. म्हणजे इतक्या वेगाला पिन आतून कशाची आहे याला फारसे महत्त्व उरत नाही, वरचा मुलामाच त्याचा रस्ता. त्या मुलाम्यावर पडलेला ओरखडा, छिद्र, मळ हे सगळे त्या रस्त्यावरचे खड्डे. मंद संदेश जिथून सुखाने निघून जातो, तिथे वेगवान संदेश ठेचकाळतो.

शेजारची पिनही त्रास देते. एका पिनेतली लहर बाजूच्या पिनेत थोडी झिरपते. इंटरनेटच्या केबलचा ८ पिनांचा ओळखीचा पारदर्शक प्लग मुळात टेलिफोनच्या जमान्यातला. त्यात एका जोडीच्या दोन पिना दुसऱ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या आहेत. बोलण्यासाठी त्याने काही बिघडत नव्हते. वेग वाढल्यावर ही मांडणी नडू लागली, पण तोवर जगभर खाचे बसून गेले होते. मग अभियंत्यांनी खाच्याच्या आत मुद्दाम उलट दिशेची झिरपणी तयार केली, म्हणजे दोन्ही मिळून एकमेकांना मारतील. नव्या कनेक्टरांत दोन वेगवान जोड्यांच्या मध्ये ग्राउंडची पिन राखणीला बसवतात. २०१४ साली आलेल्या टाइप-सी प्लगमध्ये २४ कॉन्टॅक्ट अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर बसवले आहेत आणि त्यात ही राखण आधीपासून आहे.

बंद पडत नाही, मंद होते

या सगळ्याचा रुग्णाशी संबंध काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. छातीच्या डिजिटल एक्स-रेचे पटल घ्या. त्यावरच्या एका चित्रात ९० लाख ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याचे १६ बिट्स धरले तर एका चित्राचे १४ कोटींहून अधिक बिट्स होतात. ते संगणकाकडे जातात, तिथून दुसऱ्या गावच्या तज्ज्ञाकडे. ८ पिनांपैकी एक पिन मळली तर अनेक उपकरणे गुपचूप वेग उतरवतात: सेकंदाला १०० कोटी बिट्सवरून १० कोटींवर. कारण वरच्या वेगाला चारही जोड्या लागतात, खालच्या वेगाला दोन पुरतात. दिवा लागलेला, चित्र येत असलेले, फक्त सगळे सुस्त. पिन क्षणभर सुटली तरी असेच होते. सेकंदाला १,००० कोटी बिट्स धावत असतील तर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या खंडात १० हजार बिट्स गळतात. यंत्र चूक ओळखते आणि तो भाग पुन्हा मागते. पुन्हा गळते, पुन्हा मागते. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, आज नेटच मंद आहे.

सोनोग्राफीत हे दृश्य आणखी फसवे असते. प्रोबचे काही स्फटिक किंवा त्यांच्या पिना निकामी झाल्या की चित्रात त्वचेपासून खाली जाणारी काळपट उभी पट्टी दिसते. पित्ताशयातल्या खड्यामागेही काळी सावली पडते. फरक असा की खड्याची सावली खड्यापासून सुरू होते आणि प्रोब सरकवला तरी रुग्णाच्या शरीरात आपल्या जागी राहते. पिनेची पट्टी थेट वरच्या कडेपासून सुरू होते आणि प्रोबबरोबर सरकते. अनुभवी डोळा हे ओळखतो, पण घाईत, लहान पडद्यावर, गर्दीच्या ओपीडीत एखादा बारीक दोष त्या पट्टीमागे झाकला जाऊ शकतो.

जिथे स्पर्शावर भरवसाच ठेवता येत नाही, तिथे अभियंत्यांनी स्पर्श सोडून दिला आहे. सीटी स्कॅनच्या कड्यात एक्स-रे नळी रुग्णाभोवती गरगर फिरते. पूर्वी तिला जोडलेल्या तारा गुंडाळल्या जात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तिला उलटे फिरवावे लागे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सरकत्या कड्यांची जोडणी आली आणि नळी न थांबता फिरू लागली. त्यात वीज घासत्या ब्रशांमधून जाते. चित्राची माहिती मात्र आजच्या यंत्रांत बहुतेक करून बारीक फटीपलीकडे, न टेकता, विद्युतक्षेत्राने किंवा प्रकाशाने पाठवतात. घासताना होणारी क्षणाक्षणाची तुटातूट वीज सहन करते, वेगवान माहिती सहन करत नाही.

जामसंड्यात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. इथल्या माणसाच्या छातीत कळ आली तर पहिला ईसीजी गावाजवळ निघतो. पुढचे उपचार बरेचदा तळेबाजार, शिरगाव, नांदगाव तिठा असा रस्ता कापून कणकवलीला किंवा ओरोसला जाऊन मिळतात. रक्तवाहिनी बंद राहिलेल्या प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. पहिला ईसीजी स्वच्छ निघाला, तो फोनवरून तज्ज्ञापर्यंत पोचला, तर रुग्णाला कुठे न्यायचे आणि काय द्यायचे हे रस्त्याला लागण्याआधीच ठरते. २०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनीसारख्या सेवेमुळे दूरच्या डॉक्टरचा सल्ला गावात मिळू लागला आहे. ही सगळी साखळी तारांच्या टोकांवर उभी आहे. १० वायरींच्या ईसीजीत एका वायरीचा कॉन्टॅक्ट गेला आणि तिसऱ्यांदा कागद काढावा लागला, तर ती मिनिटे कुणाच्या तरी हृदयातून वजा होतात.

एक गोष्ट नातेवाइकांनीही लक्षात ठेवावी. यंत्राची रेघ नीट येत नाही म्हणून छातीतल्या दुखण्याला थांबवून ठेवू नये. घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ असेल तर १०८ला फोन करावा. पहिला ईसीजी साधा आला तरी हृदयविकार नाही असे त्यावरून म्हणता येत नाही, डॉक्टर तो काही वेळाने पुन्हा काढतात. रेघेपेक्षा माणूस मोठा.

काय करावे, काय टाळावे

पिन मळली की बहुतेक जण तोंडाने फुंकर मारतात. फुंकरीतून ओलच आत जाते, त्यामुळे ती टाळावी. सुई, पिन, पॉलिश पेपर यांनी घासणे तर त्याहून वाईट. पाऊण मायक्रॉन सोने एका घासणीत निघून जाते, दोन दिवस यंत्र छान चालते आणि मग उघडा पडलेला धातू पहिल्यापेक्षा वेगाने गंजतो. स्वच्छ करायचेच असेल तर वीज बंद करून, प्लग काढून, उत्पादकाने सांगितलेल्या द्रवाने, बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलके पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे.

ओल्या पिनेत वीज सोडणे सर्वांत घातक. अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर बसलेल्या पिनांमध्ये खाऱ्या पाण्याचा एक थेंब आला आणि चार्जर लावला की तिथे विद्युत-अपघटन सुरू होते. एरवी महिनोन्‌महिने चालणारा गंज मग थोड्या वेळात पिन खाऊन टाकतो. पावसात भिजलेला किंवा होडीवर नेलेला फोन ओलीची सूचना देत असेल तर ती ऐकावी. फोन पाण्यात टिकतो अशी जाहिरात असली तरी या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. खाऱ्या पाण्याने भिजला तर कंपनीच्या सूचना पाहून तो गोड्या पाण्याने पुसावा आणि वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

दवाखान्यात आणि घरी काही साध्या सवयी पुरतात. न वापरलेल्या खाच्यांना टोप्या लावाव्यात. प्रोब आणि केबली बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि पावसाळ्यात त्या पुड्या बदलाव्यात. प्लग ओढताना वायर न धरता प्लगच धरावा. केबल टोकाशी मुडपून ठेवू नये. टाइप-सी प्लग १० हजार वेळा काढ-घाल करण्यासाठी आखलेला असतो. रोज पाच वेळा म्हटले तर तो साडेपाच वर्षे पुरतो, पण हा हिशेब प्रयोगशाळेतल्या स्वच्छ हवेचा. वैद्यकीय यंत्राची तुटकी वायर पिळून, चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये. तिथे चुकीच्या वाचनाबरोबर रुग्णाला झटका बसण्याचाही धोका असतो.

खरेदीच्या कागदांवर यंत्राचे नाव, क्षमता, हमीची वर्षे या गोष्टी ठळक असतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर बसणाऱ्या यंत्रासाठी आणखी तीन-चार प्रश्न विचारायला हरकत नाही. पिनांवर सोने आहे की कथील, आणि किती जाड? कनेक्टर बंदिस्त आहे का? मिठाच्या फवाऱ्याची चाचणी झाली आहे का? आणि सर्वांत साधा प्रश्न: जादा केबलचा एक संच सोबत मिळेल का? लाखोंच्या यंत्रापुढे हा खर्च किरकोळ असतो. मध्यरात्री ईसीजीची एक वायर दगा देते तेव्हा कपाटातला तो कोरडा, नवा संच रुग्णाची कणकवलीपर्यंतची वाट सोपी करू शकतो.